चुकू देणारा कारखाना

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या रॅली इथल्या सेंटेनियल कॅम्पसवर एक इमारत आहे. जैविक औषधांच्या कारखान्यात जे जे असतं, ते सगळं तिथे आहे. ३०० लिटरपर्यंतचे बायोरिॲक्टर आहेत, प्रथिनं वेगळी काढणारे क्रोमॅटोग्राफीचे कॉलम आहेत, टप्प्याटप्प्याने कपडे बदलत शिरावं लागतं अशा क्लीनरूम आहेत. कोणती पायरी कुणी आणि किती वाजता पार पाडली, याची नोंद ठेवणारे बॅच रेकॉर्ड आहेत. फक्त तिथला माल कोणत्याही रुग्णापर्यंत जात नाही. विद्यार्थ्यांचं शिकणं झालं की त्याचं काम संपतं. बायोमॅन्युफॅक्चरिंग ट्रेनिंग अँड एज्युकेशन सेंटर या नावाचं हे केंद्र २००७ मध्ये सुरू झालं. कारखान्यात जाण्याआधी कारखान्यासारख्याच जागी हात बसावा, एवढ्यासाठी ते उभं आहे.

एवढा खटाटोप का, हे समजायला औषधाच्या रेणूकडे पाहावं लागतं. ॲस्पिरिनच्या एका रेणूत २१ अणू असतात. कर्करोगावर किंवा संधिवातावर वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडाच्या एका रेणूत सुमारे २० हजार. ॲस्पिरिन रसायनशाळेत जुळवता येतं आणि ते बरोबर जुळलं की नाही, हे चाचणी करून नि:शंकपणे सांगता येतं. प्रतिपिंड असं जुळवता येत नाही. ते जिवंत पेशींकडूनच बनवून घ्यावं लागतं, बहुतेक वेळा चिनी हॅमस्टरच्या बीजांडकोशातून आलेल्या ‘सीएचओ’ पेशींकडून. त्या पेशींना किती ऑक्सिजन मिळाला, तापमान किती होतं, आम्लता कुठे घसरली, यावर प्रथिनाला चिकटणाऱ्या साखरेच्या साखळ्या बदलतात आणि त्यावर औषधाचा गुण बदलू शकतो. शेवटच्या कुपीची तपासणी करून हे सगळं पकडता येईल, अशी खात्री कुणी देत नाही. म्हणून या उद्योगात प्रक्रिया म्हणजेच उत्पादन असं मानतात. प्रक्रिया माणसं चालवतात, त्यामुळे औषधाच्या दर्जाचा मोठा भाग त्या माणसांच्या सवयींमध्ये असतो. माझ्या मते या केंद्राचं खरं मोल इथे आहे. ज्ञान पुस्तकातून मिळतं, सवय मिळत नाही.

केंद्रासाठी पैसा आला तंबाखूमधून. नॉर्थ कॅरोलिना हे तंबाखूचं राज्य. डरहॅमसारखी शहरं सिगारेटच्या कारखान्यांवर वाढली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ४६ राज्यांनी बड्या सिगारेट कंपन्यांशी तडजोड केली आणि धूम्रपानाने झालेल्या आजारांवरच्या खर्चापोटी कंपन्यांनी राज्यांना वर्षानुवर्षं भरपाई द्यायची, असं ठरलं. आपल्या वाट्यातली निम्मी रक्कम सांभाळण्यासाठी नॉर्थ कॅरोलिनाने १९९९ मध्ये गोल्डन लीफ फाउंडेशन स्थापन केलं. तंबाखूवर जगणाऱ्या भागांना दुसरा रोजगार मिळावा, हा उद्देश. २००३ मध्ये या संस्थेने जैविक औषधांच्या मनुष्यबळासाठी मोठा निधी दिला.

निधीची वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. एकाच विद्यापीठाच्या पदरात सगळं टाकलं नाही. रॅलीच्या या केंद्राबरोबर डरहॅमच्या नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल युनिव्हर्सिटीत एक संशोधन-प्रशिक्षण संस्था उभी राहिली आणि राज्यभरच्या कम्युनिटी कॉलेजांचं एक प्रशिक्षण-जाळंही. बायोरिॲक्टरजवळ उभं राहून काम करणाऱ्या प्रोसेस टेक्निशियनला पीएच.डी. लागत नाही, बहुतेकदा पदवीही लागत नाही. बारकावा लागतो, शिस्त लागते, आणि काहीतरी बिनसतंय हे वेळेत ओळखणारी नजर लागते. ती कम्युनिटी कॉलेजातल्या विद्यार्थ्यालाही कमावता येते. आज क्लेटनमध्ये नोव्हो नॉर्डिस्क, रिसर्च ट्रँगल पार्कमध्ये बायोजेन, होली स्प्रिंग्समध्ये पेशींवर वाढवलेल्या फ्लूच्या लशीचा कारखाना अशी रांग त्या परिसरात आहे. कंपन्या करसवलतींसाठी येतात हे खरंच, पण पहिल्या दिवसापासून कामाला लागतील अशी माणसं जवळपास मिळणं, हेही त्यांच्या हिशोबात असतं.

आता प्रत्यक्ष काम. शिकवण्यासाठी इथे वापरलं जाणारं एक प्रथिन फार विचारपूर्वक निवडलेलं आहे: जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रथिन. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये ते एका जेलीफिशमधून वेगळं काढलं, १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी त्याचं जनुक ई. कोलाय जिवाणूत चालवून दाखवलं आणि २००८ मध्ये रॉजर त्सिएन यांच्यासह दोघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. औषध म्हणून जीएफपीचा उपयोग नाही. पण अतिनील दिवा धरला की ते कुठे आहे, हे डोळ्यांना दिसतं.

या दिसण्याचं महत्त्व कॉलमजवळ गेल्यावर कळतं. त्याआधीचा प्रवास असा: अतिशीत ठेवलेल्या कुपीतले, जीएफपी बनवणारे जिवाणू आधी एका फ्लास्कमध्ये वाढवायचे, मग त्या फ्लास्कचं विरजण मोठ्या फर्मेंटरला लावायचं. ३७ अंश तापमान राखायचं. जिवाणू भराभर वाढू लागले की ऑक्सिजन कमी पडतो, मग पंख्याचा वेग वाढवायचा, हवा वाढवायची. हवा वाढली की फेस येतो. फेस वर चढून हवा बाहेर जायच्या फिल्टरला लागला की फिल्टर तुंबतो आणि टाकीतला दाब वाढतो. फेस मारणारं रसायन घातलं तर तेच ऑक्सिजन विरघळण्याच्या आड येतं. शिवाय उष्णता. जिवाणू वाढताना उष्णता सोडतात आणि ती टाकीच्या भिंतीतून बाहेर काढावी लागते. एक लिटरच्या भांड्याच्या मानाने त्याच घडणीच्या ३०० लिटरच्या टाकीत दर लिटरमागे मिळणारी भिंत साधारण सातव्या हिश्शावर येते. कॉलेजच्या टेबलावर कधीच न जाणवलेली अडचण इथे समोर उभी राहते. छोट्या भांड्यातलं मोठ्यात तसंच का होत नाही, हे फळ्यावर कितीही समजावलं तरी तापमानाचा आलेख वर सरकताना पाहिल्यावरच ते मनात ठसतं.

मग पेशी फोडायच्या, गाळ वेगळा करायचा आणि उरलेला द्रव कॉलममधून सोडायचा. कॉलममध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. बफर नावाच्या द्रावणाची आम्लता आणि त्यातले क्षार योग्य असतील तर हवं ते प्रथिन मण्यांना धरून राहतं आणि नको ते बरंचसं वाहून जातं. नंतर क्षार वाढवले की धरलेलं प्रथिन सुटून बाहेर येतं. प्रत्यक्ष कारखान्यात प्रतिपिंडं रंगहीन असतात. कॉलममध्ये काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही, पडद्यावर फक्त एक रेषा वर-खाली होते. जीएफपीच्या बाबतीत मात्र हिरवा पट्टा कॉलममध्ये थांबलेला दिसतो. आणि बफर बनवताना कुणी मीठ जास्त टाकलं असेल, तर तोच हिरवा रंग थेट टाकाऊ द्रवाच्या नळीतून वाहून जाताना दिसतो. सगळ्यांची मेहनत डोळ्यांदेखत वाया जाते आणि त्या रेषेचा अर्थ कायमचा कळतो. कारखान्यात याच चुकीची किंमत अख्ख्या बॅचची असते, आणि मोठ्या टाकीतली एक बॅच म्हणजे हजारो डोस.

सीएचओ पेशींबाबत दक्षता आणखी ताणावी लागते. त्या दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेतात. चांगल्या वातावरणात ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो, म्हणजे तेवढ्या वेळात त्याच्या ७२ पिढ्या होऊ शकतात. निर्जंतुक जोडणी करताना एकच जिवाणू आत गेला तरी पेशींचं सगळं खाद्य तोच खाऊन टाकतो. विषाणू त्याहून कठीण, कारण द्रव गढूळ होत नाही. २००९ च्या जूनमध्ये बोस्टनमधल्या जेन्झाइम कंपनीच्या ऑल्स्टन कारखान्यात व्हेसिव्हायरस २११७ नावाचा विषाणू सीएचओ पेशींमध्ये सापडला. माणसाला त्याचा धोका नव्हता, पण पेशींची वाढ मंदावत होती. कारखाना थांबवून धुवावा लागला. गोशे आणि फॅब्री या दुर्मीळ आनुवंशिक आजारांचे रुग्ण इथल्याच औषधांवर होते, त्यांना दीर्घकाळ कमी डोसवर राहावं लागलं. आदल्या वर्षीही उत्पादन घटलं होतं, तेव्हा कारण सापडलं नव्हतं. नंतर कंपनीने त्यामागेही हाच विषाणू असण्याची शक्यता सांगितली. ‘पेशी आज जरा हळू वाढतायत’ या निरीक्षणाचं वजन किती असू शकतं, हे यावरून कळावं.

कुप्या भरण्याचं काम शिकताना औषधाऐवजी पोषक द्रव भरतात, त्याला मीडिया फिल म्हणतात. भरलेल्या कुप्या १४ दिवस उबेत ठेवायच्या. एखादी गढूळ झाली, तर हात कुठेतरी चुकला. उघड्या कुपीवरून हात नेला असेल, घाईने हालचाल करून वरून येणारा स्वच्छ हवेचा प्रवाह मोडला असेल, गाऊनची बाही कशाला तरी लागली असेल. कुपी भरली जाते त्या जागेच्या एका घनमीटर हवेत अर्ध्या मायक्रॉनचे आणि त्याहून मोठे मिळून ३,५२० कणच चालतात, आणि खोलीत सर्वांत जास्त कण सोडणारी वस्तू म्हणजे माणूस.

कागदाची शिस्त हीसुद्धा शिकायचीच गोष्ट. बॅच रेकॉर्डमध्ये आकडा चुकला तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. काम करतानाच लिहायचं, जेवून आल्यावर आठवून नाही. नवख्याला यात नुसती कारकुनी दिसते. पण सहा महिन्यांनी एखाद्या रुग्णाला अनपेक्षित त्रास झाला, तर त्या कुपीपासून थेट बफरच्या पिंपापर्यंत मागे जायची वाट या कागदांतूनच जाते. म्हणून इथे पदवीच्या मुलांसोबत कंपन्यांचे कर्मचारी येतात आणि अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचे निरीक्षकही. तपासणाऱ्याने आणि तपासून घेणाऱ्याने एकाच टाकीपाशी शिकावं, ही कल्पना मला फार आवडते.

फ्लूच्या साथीच्या धास्तीने विकसनशील देशांतल्या लसउत्पादकांना बळ देण्याची एक मोहीम जागतिक आरोग्य संघटनेने चालवली, तेव्हा अशा उत्पादकांच्या कर्मचाऱ्यांना अमेरिकी सरकारच्या मदतीने या केंद्रात प्रशिक्षण मिळालं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये आणलेली नाकातून देण्याची ‘नासोव्हॅक’ लस त्याच जागतिक मोहिमेतली.

इथे आपला विषय सुरू होतो. मात्रांच्या संख्येने जगातली सर्वांत मोठी लसउत्पादक कंपनी पुण्यात आहे. देशातली पहिली एमआरएनए लस २०२२ मध्ये हिंजवडीच्या जेनोव्हा कंपनीने आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळालेली ‘नेक्स्कार१९’ ही रक्ताच्या कर्करोगावरची पेशी-उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आली. तिच्यात तर प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या पेशींची वेगळी बॅच असते. ती बिघडली तर दुसरी कपाटातून काढून देता येत नाही.

आणि आपल्या एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या बहुतेक मुलांचा हात मायक्रोपिपेट आणि पीसीआर यंत्राशी थांबतो. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची सहा महिन्यांच्या औद्योगिक प्रशिक्षणाची योजना आहे आणि ती उपयोगी आहे. पण विक्रीच्या बॅचला नवख्याचा हात कुठलीही जबाबदार कंपनी लावू देणार नाही, देऊही नये. तो पाहतो, लिहून घेतो, परत येतो. चुकायची जागा विद्यापीठालाच द्यावी लागेल. मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग, म्हणजे यूडीसीटी, आजची आयसीटी, १९३३ मध्ये सुरू झाला तेव्हा रसायन आणि कापड उद्योगाला हवी तशी माणसं घडवणं हे विद्यापीठाने आपलं काम मानलं होतं. पुणे परिसरातल्या महाविद्यालयांना मिळून वापरता येईल असं एखादं केंद्र लस आणि जैविक औषधांसाठी आज हवं आहे. आयर्लंडने डब्लिनमध्ये २०११ साली ते केलं, दक्षिण कोरियाने त्याच धर्तीवर केलं आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोरियाला या प्रशिक्षणाचं जागतिक केंद्र म्हणून निवडलं.

३०० लिटरची टाकीच हवी असं नाही. ३० लिटरच्या फर्मेंटरमध्येही फेस येतो, प्रोब बिघडतो, मीठ जास्त पडतं. इमारत आणि यंत्रं यांना एकदा पैसा मिळून जाईल. दरवर्षी लागेल तो रेझिनला, फिल्टरना, शुद्ध पाण्याला, आणि उद्योगात काही वर्षं काढलेल्या, मुलांच्या शेजारी उभं राहून शिकवणाऱ्या टेक्निशियनच्या पगाराला. अशा केंद्राचा प्रस्ताव कधी मांडला गेला, तर इमारतीच्या चित्राआधी या खर्चाचा तक्ता पाहायला हवा.