घाट चढण्यापूर्वी : मोटारीतील तेल-पाण्याची तपासणी

कन्हान नदीकाठचे रामाकोना हे गाव छिंदवाडा-नागपूर मार्गावर वसलेले आहे. २०२३ साली स्थापन झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याच्या सौंसर तहसिलीत त्याचा समावेश होतो. येथून छिंदवाड्याकडे जाताना सातपुड्याचा घाट चढावा लागतो आणि परतताना तोच उतरावा लागतो. चढणीवर इंजिनाची व उतरणीवर ब्रेकची कसोटी लागते. गाडी संत्र्यांनी भरलेली असो वा रुग्णाला दवाखान्यात नेणारी असो, तिची सुरक्षितता काही मोजक्या द्रव पदार्थांवर अवलंबून असते. त्यांची तपासणी दहा मिनिटांत होते व ती कोणासही करता येते.

इंजिन ऑईल : गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे व काही मिनिटे थांबावे. डिपस्टिक बाहेर काढून फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी व पातळी पाहावी. ती दोन खुणांच्या दरम्यान असली पाहिजे. खालच्या खुणेखाली ती गेल्यास चढणीवर इंजिनाच्या भागांना पुरेसे वंगण मिळत नाही. मात्र वरच्या खुणेपेक्षा अधिक ऑईल भरणेही हानिकारक असते. ऑईल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळल्याची शक्यता असते. अशी गाडी घाटात नेऊ नये.

कूलंट : इंजिनाची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेण्याचे कार्य कूलंट करते. इंजिन थंड असताना टाकीवरील खुणांवरून पातळी तपासावी. तापलेल्या इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असल्याने तो उसळून तोंड व हात भाजतात. विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत थर साचतो. म्हणून योग्य कूलंटच वापरावे.

ब्रेक ऑईल : याबाबतचे दुर्लक्ष सर्वाधिक घातक ठरते. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर मानकानुसार तो १४० अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने ते तापते, उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. म्हणून पातळी पुरेशी असली तरी साधारणतः दोन वर्षांनी किंवा उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे हे ऑईल बदलणे अगत्याचे आहे. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी; इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रल करू नये अथवा इंजिन बंद करू नये.

बॅटरीचे पाणी : झाकणे उघडता येणाऱ्या बॅटरीत आतील पट्ट्या पाण्याखाली बुडालेल्या असाव्यात. पातळी कमी झाल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल घालू नये. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघत असल्याने जवळ विडी वा काडी पेटवू नये.

या सर्व तपासणीत एक तत्त्व ध्यानी ठेवावे. पातळी खाली जाणे ही केवळ भर घालण्याची सूचना नव्हे; तिचे कारण शोधले पाहिजे. ब्रेकचे अस्तर झिजल्यानेही ब्रेक ऑईलची पातळी हळूहळू उतरते. ती एकाएकी उतरल्यास मात्र गळती समजावी. गाडी रात्रभर उभी होती त्या जागेवरील डाग आणि चाकाच्या आतील बाजूची ओल सकाळी पाहावी. वारंवार भर घालून प्रवास करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, संकट पुढे ढकलणे होय.

शेवटी, काढलेले जुने ऑईल नाल्यात किंवा नदीत ओतू नये. डब्यात साठवून गॅरेजमध्ये द्यावे. कन्हानचे पाणी पुढे नागपूर शहरालाही पुरविले जाते, याचे भान प्रत्येक वाहनधारकाने ठेवावे.