नॅनोसेकंदांवरून ठरते दिशा

प्रयोग : ग्रेप्स-3. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा (टीआयएफआर) हा प्रयोग तमिळनाडूत उटी इथे, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,200 मीटर उंचीवर चालतो.

काय टिपतात? : वैश्विक किरणांतला कण वातावरणात हवेच्या अणूवर आदळला की दुय्यम कणांची सर जमिनीकडे झेपावते.

साधने : प्रत्येकी 1 चौरस मीटरचे, 8 मीटर अंतरावर मांडलेले सुमारे 400 शोधक. कण प्लास्टिक सिंटिलेटरमधून गेला की मंद प्रकाश चमकतो. फोटोमल्टिप्लायर नळी त्याचा विद्युत स्पंद करते.

वेळ कशासाठी? : प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, 30 सेंटिमीटर जातो. कणांची सर 30 अंश तिरकी आली, तर शेजारचा शोधक सुमारे 13 नॅनोसेकंदांनी मागाहून नोंद करतो. अशा फरकांतून कण आकाशाच्या कोणत्या दिशेने आला, ते कळते.

चुकीची किंमत : दोन शेजारी शोधकांच्या वेळेत 1 नॅनोसेकंदाची चूक झाली, तर डोक्यावरून येणाऱ्या कणाची दिशा सुमारे 2 अंशांनी चुकते. पूर्णचंद्राची आकाशातली रुंदी जेमतेम अर्धा अंश. म्हणूनच दिशा काढताना अनेक शोधकांच्या वेळा एकत्र धरतात.