विजेच्या कुलपाची पेटी

कुलूप म्हटले की आपल्याला किल्ली आठवते. पण आता बिनकिल्लीची कुलपेही आली आहेत. बँकेत दिसतात, मोठ्या दूधसंस्थेच्या कचेरीत दिसतात. बोट टेकवा, दार उघडते. अशी काही दारे तारेने संगणकाला जोडलेली असतात. कोण केव्हा आत गेले, ते तिथे टिपले जाते.

हे कुलूप बहुतेक लोहचुंबकाचे असते. चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडी पट्टी. वीज आहे तोवर चुंबक पट्टी धरून ठेवतो. वीज तुटली की सोडतो.

एका गावी आम्ही गेलो होतो. तिथल्या संस्थेत असे कुलूप होते. आतून उघडायला बटण होते, पण त्याची तार यंत्रातून गेलेली. एक दिवस यंत्र अडकले. बटण दाबून दाबून बोट दुखले, दार उघडेना. आत सेक्रेटरी आणि बिलाला आलेल्या दोन बायका. बाहेरच्यांनी मेन स्विच पाडला. तरी दार घट्ट! कारण पेटीत बॅटरी होती ना. शेवटी सेक्रेटरींनी आतली पेटी उचकटून बॅटरीची तार काढली, तेव्हा सुटका झाली. त्या वेळी आग लागली असती तर?

म्हणून पेटी बसवताना पहिले हे पाहा. दाराजवळ आतल्या बाजूला आणीबाणीचे बटण हवे. ते पेटी आणि चुंबक यांच्या मधल्या तारेवरच हवे. ते दाबले की चुंबकाची वीज थेट तुटली पाहिजे. यंत्राला विचारायचे काम नाही.

आता पेटीचे. घरातली वीज 230 व्होल्टची. पेटी तिची 12 व्होल्ट करते. 12 व्होल्टच्या तारेची भीती कमी, पण पेटीत 230 येतेच. म्हणून हे काम परवानावाल्या वायरमननेच करावे. पेटीला बोर्डावरून वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी द्यावा. पेटी लोखंडी असेल तर अर्थिंग हवेच हवे. 230 ची तार आणि कुलपाची तार एका नळीतून नेऊ नये. ओल्या भिंतीवर पेटी ठोकू नये. ती तापते, तिला वारा लागतो.

एक मोठा चुंबक साधारण अर्धा अँपिअर वीज खातो. दोन दारे असली तर एक अँपिअर. शिवाय बोटाचे यंत्र आहेच. पेटी त्याहून दमदार घ्यावी. तार लांब आणि बारीक असली तर जोर वाटेतच कमी होतो, बारीक नळीतल्या पाण्यासारखा. मग चुंबक ढिला धरतो. जाड तार घ्या.

7 अँपिअर-तासाची बॅटरी एका चुंबकाला हिशेबाने 14 तास पुरते. प्रत्यक्षात कमीच, आणि जुनी झाली की आणखी कमी.

महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करा. दार बंदच राहिले, तर बॅटरी ठीक आहे. मग तसेच आणीबाणीचे बटण दाबा. दार उघडले नाही, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा. तोवर दाराला दगड लावून ते उघडे ठेवा.