सुई कुठल्या हाताला घेतली?

काखेतली गाठ चाचपण्याआधी जाणता डॉक्टर विचारतो, ‘एवढ्यात लस घेतली का? कुठल्या हाताला? किती दिवस झाले?’ 2021 च्या उन्हाळ्यात भालकीकडून आलेल्या एका बाईंना हे कुणी विचारलंच नव्हतं. एरवी गावात अवधान आलंय म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांची थोरली बहीण स्तनाच्या कर्करोगाने गेलेली. कुणी लातूर सुचवलं, कुणी सोलापूर, कुणी हैदराबाद. फाइल फुगत गेली, कोविडच्या लशीचं प्रमाणपत्र मात्र मुलाच्या मोबाइलमध्येच राहिलं.

सोनोग्राफीत गाठ लांबट दिसली, मधला चरबीचा पट्टा शाबूत. कर्करोग शिरला की गाठ बहुधा गोल होते आणि तो पट्टा पुसला जातो. ‘बहुधा’वर घरच्यांचं समाधान होईना, म्हणून सुईतपासणी ठरली. भूल नाही. गाठ दोन बोटांत पक्की धरायची, बारीक सुई आतल्या आत मागेपुढे करायची, आलेला थेंब काचेवर पसरायचा. एक काच लगेच अल्कोहोलमध्ये, दुसरी हवेवर वाळत. “कॅन्सर तर न्हाई ना?” बाई काचेकडेच बघत होत्या.

सूक्ष्मदर्शकाखाली आठवडी बाजारासारखी मिसळ गर्दी होती: लहान, मध्यम, मोठ्या लसिकापेशी आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या भक्षकपेशी. लसिकाग्रंथींच्या कर्करोगात बहुतेकदा एकाच साच्यातल्या पेशी भरून असतात. इथे ग्रंथी फक्त कामाला लागली होती. दंडात दिलेल्या लशीची वर्दी आधी त्याच बाजूच्या काखेत पोचते. कोविशील्डच्या माहितीपत्रकात गाठी सुजण्याची नोंद आहे. मॉडर्नाच्या चाचणीत दुसऱ्या डोसनंतर सुमारे 14 टक्के लोकांची काख सुजली किंवा दुखली होती. अमेरिकेतल्या स्तनतपासणी तज्ज्ञांच्या संघटनेने जानेवारी 2021 मध्ये, शक्य असल्यास मॅमोग्राफी दुसऱ्या डोसनंतर चार ते सहा आठवड्यांनी करा, असं सुचवलं. पुढे 2022 मध्ये लशीपायी तपासणी लांबवू नका, असा सल्ला आला. मला हा दुसरा सल्ला जास्त पटतो.

कारण ‘लशीचं असेल’ म्हणून प्रत्येक गाठ सोडून देणंही घातकच. आपल्याकडे गाठींचा क्षयही काही दुर्मीळ नाही. स्तनात गाठ लागली, लस न घेतलेल्या बाजूला सूज आली किंवा सहा आठवड्यांनीही ती उतरली नाही, तर थांबू नका. किदवई कर्करोग संस्थेचं केंद्र कलबुर्गीतही आहे. आणि जाताना एवढं करा: प्रमाणपत्रावर तारीख असते, हात कुठला ते नसतं. ते डॉक्टरांना आपणच सांगा.