बीटल्सने मंच सोडला तेव्हा

ध्वनिमुद्रिका म्हणजे प्रत्यक्ष गायन-वादनाची नोंद, ही समजूत पॉप संगीतात १९६०च्या दशकापर्यंत बऱ्याच अंशी टिकून होती. अमेरिकेत लेस पॉल याने एका मुद्रणावर दुसरे चढवण्याचे प्रयोग पूर्वीच केले होते. तरीही गाणे स्टुडिओतच घडवावे आणि ते मंचावर वाजवता येईल की नाही याची फिकीर करू नये, हा विचार लोकप्रिय संगीतात रुजवला तो मुख्यतः बीटल्सने, आणि त्या दृष्टीने १९६६ हे वर्ष निर्णायक ठरले.

या वळणामागे व्यावहारिक कारणही होते. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर सुमारे ५५,६०० श्रोते जमले, परंतु त्यांच्या किंकाळ्यांपुढे व्हॉक्स कंपनीचे शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर तोकडे पडले; आणि वादकांना त्यांचेच वादन ऐकवणारे, मंचावर त्यांच्याकडे तोंड करून ठेवले जाणारे मॉनिटर स्पीकर तेव्हा प्रचारात नसल्यामुळे, गाणे कुठवर आले हे ड्रमवादक रिंगो स्टार याला पुढच्या तिघांच्या हालचालींवरून ताडावे लागे. अशा मैफलींत कला वाढणे शक्यच नव्हते.

लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआयच्या स्टुडिओत ६ एप्रिल १९६६ रोजी ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्याचे मुद्रण सुरू झाले. निर्माते होते जॉर्ज मार्टिन आणि रेकॉर्डिस्ट होता अवघ्या विशीतला जेफ एमेरिक. आपला आवाज डोंगरमाथ्यावरून दलाई लामा बोलत असल्यासारखा यावा, अशी जॉन लेननची इच्छा होती; एमेरिकने तो लेस्ली स्पीकरमधून, म्हणजे आतला कर्णा गोल फिरत असल्याने स्वराला हेलकावा देणाऱ्या पेटीतून, बाहेर काढला. बास ड्रममध्ये त्याने लोकरी स्वेटर कोंबला आणि माइक रूढ अंतर मोडून ड्रमच्या अगदी जवळ आणला. पॉल मॅकार्टनीने घरी तयार केलेले टेप लूप, म्हणजे दोन्ही टोके जोडल्यामुळे अखंड फिरत राहणारे ध्वनिफितीचे तुकडे, इमारतीतील वेगवेगळ्या टेपयंत्रांवर चढवले गेले. तंत्रज्ञ ते पेन्सिलीवर ताणून धरत आणि मिक्सिंगच्या टेबलावर त्यांचे आवाज त्याच क्षणी कमीजास्त केले जात. समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटासारखा वाटणारा आवाज हे मॅकार्टनीच्याच हसण्याचे वेगाने फिरवलेले रूप आहे. हे मिश्रण पुन्हा तसेच्या तसे साधणे अशक्य होते, आणि यातच त्याचे मोल आहे. भारतीय कानाला यात आणखी एक ओळखीची गोष्ट सापडते: गाण्याखाली तंबोरा आहे आणि सारी रचना जवळजवळ एकाच आधारस्वरावर उभी आहे.

हे गाणे असलेला ‘रिव्हॉल्व्हर’ हा अल्बम ५ ऑगस्टला ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाला आणि आठवड्याभरात बीटल्सचा अमेरिका दौरा सुरू झाला. मात्र त्या दौऱ्यात या ताज्या अल्बममधील एकही गाणे वाजवले गेले नाही. मंच आणि स्टुडिओ यांच्यातील दरी याहून स्पष्ट दिसणार नाही. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कवर त्यांचा तिकीट लावून झालेला अखेरचा कार्यक्रम पार पडला.

नोव्हेंबरात ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ हाती घेतले गेले. लेननला एका मुद्रणाची सुरुवात आणि दुसऱ्याचा उत्तरार्ध आवडला, पण दोहोंची लय वेगळी आणि पट्टीत सुमारे अर्ध्या स्वराचा फरक. फीत हळू फिरवली की लय आणि स्वर दोन्ही खाली येतात, हा टेपयंत्राचा धर्म मार्टिन व एमेरिक यांच्या मदतीला आला, कारण द्रुत मुद्रणच चढ्या पट्टीत होते. वेग जुळवून दोन्ही तुकडे जोडले गेले आणि तो सांधा गाण्याच्या पहिल्या मिनिटाच्या सुमारास आजही लक्षपूर्वक ऐकणाऱ्याला सापडतो.

याच कार्यपद्धतीचा धागा मुंबईपर्यंत येतो. जानेवारी १९६८मध्ये जॉर्ज हॅरिसनने मुंबईतील एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांकडून ‘द इनर लाइट’चे वाद्यसंगीत मुद्रित करून घेतले, फेब्रुवारीत लंडनमध्ये त्यावर स्वतःचे गायन चढवले आणि मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागच्या बाजूवर प्रसिद्ध झाले, बीटल्सच्या सिंगल तबकडीवर स्थान मिळालेली हॅरिसनची ही पहिली रचना.