गंज का चढतो आणि घरच्या अवजारांना त्यापासून कसे वाचवायचे?



जून महिना लागला की आपल्या नवी मुंबईत एक गोष्ट घरोघरी दिसते. गॅलरीतल्या पेटीतली पक्कड उघडत नाही, करवतीवर तांबूस ठिपके उठतात, पाना हातात घेतला की बोटे लाल होतात. बरं, ही अवजारे पावसात भिजलेलीही नसतात. मग गंज आला कुठून?

गंज चढायला दोन गोष्टी पुरतात, पाणी आणि ऑक्सिजन. पाणी बादलीभर असण्याची गरज नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो आणि काम सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची आर्द्रता बहुतेक वेळा ८० च्या वरच असते. त्यात ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत आपल्या शेजारी खाडी आहे, म्हणजे हवेत मिठाचा अंश आला. मिठाच्या पाण्यातून वीज चांगली वाहते, आणि गंजणे ही मुळात लोखंडातले इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जाण्याचीच क्रिया आहे. म्हणून मीठ असले की गंज झपाट्याने वाढतो.

वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये सुरू झाला. त्याच्या काँक्रीटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारांनाही गंजाने सोडले नाही. दुरुस्त्या कराव्या लागल्या, आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल सुरू झाला. काँक्रीटमध्ये गाडलेल्या तारेची ही गत, तर गॅलरीतल्या पटाशीचे काय घेऊन बसलात!

इथे एक प्रश्न वर्गात हमखास येतो. ॲल्युमिनियमवरही ऑक्साइडचा थर बसतो, मग ते का गंजत नाही? कारण तो थर घट्ट असतो, खालच्या धातूवर झाकणासारखा बसतो. लोखंडाचा तांबडा गंज मात्र भुसभुशीत. तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खाली पुन्हा कोरे लोखंड हवेला मिळते. म्हणून गंजरोधक लेप म्हणजे काय, तर जे झाकण लोखंडाला स्वतःला जमत नाही ते आपण त्याला द्यायचे.

पण झाकण बसवण्याआधी भांडे स्वच्छ हवे. कल्हईवाला आठवा. तो कथील लावण्याआधी भांडे घासतो, तापवतो, नवसागर टाकतो, आणि मगच कल्हई फिरवतो. निम्मी मेहनत लावण्याआधीची असते. बहुतेक लोक नेमके इथेच घाई करतात. गंजावरच तेल फासतात किंवा ऑइलपेंट मारतात. आत अडकलेला ओलावा आणि मीठ आपले काम चालूच ठेवतात, आणि दोन महिन्यांत रंगाला फुगे येतात.

हलका गंज पॉलिश पेपरने किंवा तारेच्या ब्रशने निघतो. जास्त असेल तर किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, एक लीटर पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून त्यात अवजार बुडवा. तासा-दोन तासांनी बाहेर काढून घासून बघा. रात्रभर टाकून विसरू नका, कारण गंज खाऊन झाला की आम्ल चांगल्या पोलादाकडे वळते. नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात धुवा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा आणि हेअर ड्रायरने गरम करून पूर्ण वाळवा. इथे दहा मिनिटेही चालढकल केली तर अवजार पुन्हा तांबूस होते.

संडास-बाथरूम धुण्यासाठी दारावर विकायला येणारे ॲसिड यासाठी मुळीच वापरू नका. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. त्याची वाफ छातीला वाईट आहेच, शिवाय बंद गॅलरीत ती शेजारच्या चांगल्या अवजारांनाही गंजवते.

आता लेप कोणता? माझे मत विचाराल तर घरात सर्वांत उपयोगी लेप म्हणजे मेण. मधमाश्यांचे मेण किसून थोड्या टर्पेंटाइनमध्ये भिजत ठेवले की दिवसभरात लोण्यासारखे मऊ होते. विस्तवावर मात्र ते कधीही ठेवू नका, टर्पेंटाइन पेट घेते. हे मेण फडक्याने पातळ चोळायचे, दहा-पंधरा मिनिटांनी पुसून चकाकी आणायची. रंध्याचा तळ, करवतीचे पाते, गुण्या यांना हे उत्तम. लाकडावर डाग पडत नाही आणि अवजार सरकतेही छान.

पक्कड, पाना यांच्या सांध्यांना शिलाई मशीनचे तेल पुरते. खोबरेल तेल विळीला ठीक, कारण ती रोज वापरात असते आणि खाण्याशी संबंध येतो. पण महिनोन्महिने पडून राहणाऱ्या अवजारावर खाद्यतेल खवट आणि चिकट होते, त्यावर धूळ बसते. रंगाच्या दुकानातले डबल बॉइल्ड जवसाचे तेल हवेत वाळून कडक पापुद्रा धरते, म्हणून फावडे, कोयता यांना चांगले. मात्र त्या तेलाची फडकी बोळा करून ठेवू नका! ते तेल वाळताना उष्णता बाहेर टाकते, आणि बोळ्यातली फडकी आपोआप पेटू शकतात. ती पाण्यात भिजवून किंवा मोकळ्या हवेत पसरून वाळवून मगच टाका.

पोलाद तापवून तेलात बुडवले की काळा थर बसतो. हुकाला, कडीला हे चालते. पटाशीला नाही. पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सियसला निळे पडते, आणि तेवढे तापल्यावर पटाशीच्या धारेचे पाणी उतरते. मग ती कितीही घासा, धार टिकत नाही.

खड्ड्याखड्ड्यांत रुतलेला गंज पूर्ण निघत नसेल तर आपल्या मातीतला एक उपाय आहे, हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातले आदिवासी बांधव हिरडा गोळा करून विकतात, आयुर्वेदिक दुकानात त्याची पूड मिळते. हिरड्यात टॅनिन भरपूर. टॅनिन आणि लोखंड भेटले की निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. कापडाला काळा रंग चढवायला रंगारी हीच जोडी वापरत आले आहेत. मूठभर पूड पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, आणि सुटा गंज घासून काढलेल्या अवजारावर ब्रशने लावा. काही तासांत तांबडा रंग काळा होतो. दोन हात दिले की वरून मेण हवेच, कारण एकटा हा थर पावसाळा काढत नाही. आणि हातमोजे घाला, नाहीतर बोटे चार दिवस काळी!

बाजारातल्या रस्ट कन्व्हर्टरच्या बाटलीतही बहुधा टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिडच असते. फॉस्फेटचे महत्त्व दिल्लीच्या लोहस्तंभाने दाखवून दिले आहे. सुमारे १६०० वर्षे तो उघड्यावर उभा आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्याने पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर तयार झाला, हे आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी अभ्यासून मांडले. अर्थात दिल्लीची हवा आपल्यापेक्षा कोरडी, हेही त्या स्तंभाचे भाग्यच म्हणायचे.

मुलांनी घरी करून पाहण्याजोगी कृती : चार सारखे खिळे घ्या. चकचकीत, जस्ताचा मुलामा दिलेले नकोत. चारही घासून कोरडे करा. एक तसाच ठेवा, दुसऱ्याला तेल, तिसऱ्याला मेण लावा. चौथा आधी गंजू द्या, मग त्याला हिरडा आणि वर मेण लावा. चारही खिळे मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसावर ठेवून आठ दिवस रोज वहीत नोंद करा. तेल आणि मेण यांत आधी कोण हरते, ते मुद्दाम सांगत नाही.

जाता जाता कानशीबद्दल. तिला तेल किंवा मेण लावू नका, दात भरतात आणि ती घसरते. तिच्या दातांवर कोरडा खडू घासा, कीस अडकत नाही. पेटीत बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पेटी उघडून प्रत्येक अवजारावर मेणाचे फडके फिरवा. हाताच्या घामातही मीठ असते, तेव्हा काम झाल्यावर अवजार पुसूनच पेटीत ठेवा.