आपल्या उन्हात बुरशी टिकते का?

घरातल्या बुरशीचा विषय निघाला की वाशिमकर कोकणाकडे बोट दाखवतो. चिपळूण-महाडला असेल ती, आपल्याकडे कशाची? ‘अहो, आपल्या उन्हात माणूस टिकत नाही, बुरशी काय टिकते!’ हे वाक्य रिसोडपासून कारंज्यापर्यंत कुठल्याही ओट्यावर ऐकायला मिळतं. पोपडे धरलेल्या भिंतीला पाठ टेकून, लेकराच्या खोकल्याची बाटली हातात धरूनही लोक ते म्हणतात. उन्हाळा येऊ द्या, सगळं वाळून मरेल. मग उन्हाळा येतो, डाग फिका पडतो, बोलणाऱ्याला आपलं खरं झाल्यासारखं वाटतं आणि जुलैत तोच डाग त्याच जागी पुन्हा उमटतो.

बुरशीला उष्णता सोसत नाही, हा समजच मुळात उलटा आहे. घरात नेहमी आढळणारी अॅस्परजिलस फ्युमिगॅटस ही बुरशी ३७ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानाला, जोमानं वाढते आणि ५० अंशांवरही वाढू शकते. उकिरड्याच्या पोटातल्या वाफाळत्या खतात ती मजेत राहते. बाहेर पारा ४३ वर गेला, तरी बंद खोलीत कपाटामागची भिंत त्याहून थंडच असते. एवढ्यानं तिचं काही बिघडत नाही.

बुरशी थांबते ती कोरडेपणानं. बाजार समितीत सोयाबीन नेलं की आधी ओलावा मोजतात, दाण्याचा ताप कोणी विचारत नाही. हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची अट असते. २०२४ च्या हंगामात केंद्रानं ती १५ पर्यंत सैल केली, त्यावर केवढी चर्चा झाली. एक-दोन टक्क्यांनी पोत्याचं काय होतं हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याच माणसानं भिंतीच्या बाबतीत मात्र सगळा हवाला उन्हावर टाकावा, याचं खरंच नवल वाटतं.

शिवाय थांबणं म्हणजे मरणं नव्हे. बुरशीचे बीजाणू कोरड्यात महिनोन्महिने, काहींचे तर वर्षानुवर्षं, पडून राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात. बरं, मेले असं धरलं तरी सुटका नाही. मेलेल्या बुरशीनंही अॅलर्जी होऊ शकते, असं अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था स्पष्ट सांगते. वाळलेली बुरशी तर जास्तच सहज उधळते. केरसुणीनं भिंत झाडणारा माणूस ती सगळ्या घरभर पेरत असतो.

गोधड्या उन्हात टाकणाऱ्या आजीचं यात काही चुकत नाही. तिथे ऊन थेट पडतं, कापड कडकडीत वाळतं, किरणांचाही मारा होतो. कपाटामागच्या भिंतीनं मात्र घर बांधल्यापासून ऊन पाहिलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट, जी या वादात कोणीच काढत नाही. आपल्या घरातला उन्हाळा कोरडा असतो, हे कोणी सांगितलं? होळी झाली की खिडकीला कूलर लागतो आणि पावसाळ्यापर्यंत तो खोलीत दमट हवा ओतत राहतो. ती बाहेर जायला समोरची खिडकी उघडी हवी, पण ‘गार हवा निघून जाते’ म्हणून आपण तीच लावून घेतो. कूलरच्या टाकीतलं पाणी आठवडाभर तेच. तळाशी बुळबुळीत थर. खिडकीखाली भिंतीवर ओघळाचा डाग. जूनमध्ये कूलर ओल्या गवतासकट माळ्यावर जातो आणि पुढच्या वर्षी तसाच खाली उतरतो. पहिल्यांदा बटण दाबल्यावर येणाऱ्या ज्या वासाला आपण वाळ्याचा म्हणून कौतुकानं नाक लावतो, त्यात गेल्या वर्षीच्या बुरशीचाही वाटा असतो.

ही अतिशयोक्ती वाटत असेल, तर एक आकडा पाहा. फुप्फुसाच्या जाळीच्या आजारांची देशव्यापी नोंद २०१२ ते २०१५ या काळात १९ शहरांतल्या २७ केंद्रांवर झाली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. १,०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता, म्हणजे श्वासावाटे गेलेल्या बुरशीसारख्या कणांना फुप्फुसानं दिलेली चिवट प्रतिक्रिया. त्यांतल्या ४८.१ टक्के रुग्णांचा संबंध एअर कूलरशी आलेला होता. कूलरनंच आजार झाला, हे यावरून सिद्ध होत नाही. कूलर लावणारा प्रत्येक जण आजारी पडतो असं तर मुळीच नाही. पण ‘उन्हाळ्यात बुरशी कुठली’ म्हणणाऱ्यानं टाकी दर आठवड्याला घासावी आणि गवत दर वर्षी बदलावं, एवढं यातून नक्की निघतं.

मग लपलेली बुरशी शोधायची कशी? आधी नाकानं, पण स्वतःच्या नव्हे. कुबट वासाला घरच्यांचं नाक काही मिनिटांत सरावतं, म्हणून बाहेरून आलेल्या पाहुण्याला विचारावं, किंवा चार दिवस गावाला जाऊन आल्यावर दार उघडताक्षणी स्वतः हुंगावं. मग सरकवायला सुरुवात करावी: बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं कपाट, दिवाणाच्या पेटीतल्या गाद्या, सिंकखालचं प्लायवुड, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, पीओपीच्या छताचा कोपरा. भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेली सोयाबीनची थप्पीही. पोती थेट फरशीवर आणि भिंतीला टेकून असतील, तर मागे हवा खेळत नाही; खाली फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर हवं.

डाग कुठे आहे, यावरून पाणी कुठून येतं ते बरंचसं कळतं. जमिनीपासून कमरेपर्यंतचा पट्टा असेल, तर ओल जोत्यातून चढते आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे जोत्यावर ओलरोधक थर नसेल तर भिंत ते शोषत राहते. हीच माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर बऱ्याचदा त्याचीच असते, आणि पाऊस त्या चिरेतून आत येतो. डाग वरून उतरत असेल, तर गच्चीवर जाऊन पन्हळ तुंबली आहे का, टाकी ओसंडते का, ते बघावं. शंका उरली तर पोपडे काढून फूटभर पॉलिथिन भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद करावं. दोन दिवसांनी थेंब आतल्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतलं, बाहेरच्या बाजूला असतील तर खोलीच्या हवेतलं. पांढरा भुगा दिसला तर त्यावर पाण्याचा थेंब सोडावा. विरघळला तर तो लोणा, म्हणजे क्षार; बुरशी विरघळत नाही.

पाण्याची वाट बंद केल्याशिवाय पुढचं सगळं वाया जातं. आणि आपण नेमकं तेच टाळतो. दसरा-दिवाळीला, भिंत पावसाळ्याच्या ओलीनं अजून जड असताना, वरून चकचकीत प्लास्टिक पेंट चढवतो आणि होळीच्या आत पोपडे झेलतो. जुन्या लोकांचा चुना याहून शहाणा होता. ताजा चुना इतका जहाल अल्कधर्मी असतो की त्यावर बुरशी धरत नाही, शिवाय भिंतीची वाफ बाहेर पडू देतो. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याचा जोर हळूहळू ओसरतो, म्हणून तर तो दर वर्षी द्यायचा.

साधारण तीन फूट बाय तीन फुटांपर्यंतचा डाग घरच्या घरी काढता येतो. एन-९५ मास्क, हातमोजे, खिडकी उघडी. भिंत आधी ओली करून साबणाच्या पाण्यानं घासायची आणि पूर्ण वाळवायची. बुरशीनं पोखरलेलं प्लायवुड आणि पीओपी धुऊन सुधारत नाही, ते काढूनच टाकावं.

बाकीचे समज थोडक्यात. भिंतीवरची काळी बुरशी म्हणजे २०२१ मधला ‘ब्लॅक फंगस’ नव्हे. तो म्युकरमायकोसिस होता, बेताल मधुमेह आणि स्टेरॉइडच्या आधारानं वाढलेला, आणि त्यातलं काळेपण मेलेल्या ऊतींचं होतं. रंगावरून विषारीपणा ठरत नाही. डांबराच्या गोळ्या वास झाकतात, ओल नाही. हवेतले बीजाणू प्रयोगशाळेत मोजून घेण्यात पैसे घालवू नयेत, कारण सुरक्षित आकडा किती हे जागतिक आरोग्य संघटनेनंही २००९ च्या मार्गदर्शिकेत ठरवलेलं नाही. ओल आणि बुरशी दिसली की काढा, एवढंच ती सांगते. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर भिंतीला दोष देत बसू नये, आधी क्षयाची तपासणी करावी. दम्याच्या रुग्णाचा छातीचा फोटो बिघडला, तर बुरशीच्या अॅलर्जीचंही डॉक्टरांना विचारावं, कारण तिच्यावर क्षयाचे उपचार झाल्याची उदाहरणं आपल्या देशात पुष्कळ आहेत.

आणि ब्लीच. ते वरचा डाग पांढरा करतं, पण सच्छिद्र प्लास्टरच्या आत त्याचा जोर पोचत नाही, पाणी मात्र मुरतं. वापरायचंच असेल, तर संडास धुवायचं अॅसिड त्यात कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.